फाट्यावर कोणी नव्हतं

देऊळखार, ता. अलिबाग
१२ मार्च २०२५

नलू,

तुझं पत्र परवा पोहोचलं. पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळलं, तरी लगेच उघडलं नाही. देवळात नेलं, भैरोबाच्या पायाशी ठेवलं आणि दुपारी कोणी नसताना उघडलं. बाबांच्या बाराव्याला तू भांडून गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. तुझं अक्षर आता मोठं झालं आहे. चष्मा लागला का?

जानेवारीत मी पाठवलेलं पत्र तू तीनदा वाचलंस म्हणतेस. हॉस्पिटलात ड्यूटीवर असताना, बेडपॅन धुवायच्या मोरीपाशी उभी राहून वाचलंस, आणि सिस्टरने विचारलं, मावशी, काय झालं? हे वाचल्यावर मी पत्र घडी करून ठेवलं आणि थोडा वेळ देवळाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

भावोजी गेले तेव्हा मी नाशिकला आलो नाही, ते तू मनातून काढलंस असं लिहिलं आहेस. एवढ्या लवकर काढायचं नव्हतंस.

तुझ्या आश्लेषाचं वाचून फार बरं वाटलं. मी पाहिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, पंगतीत पापड वाढत होती. ती नर्स झाली, जर्मन भाषा शिकली आणि तिकडच्या हॉस्पिटलने तिला बोलावलं, हे मी सोनलच्या आईला दोनदा वाचून दाखवलं. सोनल म्हणाली, बाबा, आत्तेबहिणीचा फोटो मागवा.

आता कौलाचं. वैशाखी पौर्णिमेच्या जत्रेला दोघी येणार आणि मी आश्लेषासाठी देवाला कौल लावायचा, देव होय म्हणाला तर ती जाईल, नाही म्हणाला तर तू तिला पाठवणार नाहीस, असं तू लिहिलं आहेस. तिचा व्हिसाही आला आहे, जूनच्या सुरुवातीला तिकडे रुजू व्हायचं आहे, हेही लिहिलं आहेस.

नलू, जत्रेला जरूर या. कौलाचं मात्र राहू दे. हल्ली माझे गुडघे धरतात, गाभाऱ्यात फार वेळ बसवत नाही. शिवाय मुलगी शिकलेली आहे, तिचं तिला ठरवू दे. उद्या होळी आहे, पालखीची तयारी चालू आहे, म्हणून एवढ्यावर थांबतो.

तुझा दादा,
हरी

---

देऊळखार
२६ मार्च २०२५

नलू,

गुडघ्यांचं कारण तुला पटलं नाही. पटणार नाही हे लिहितानाच माहीत होतं. बाबा शेवटच्या वर्षापर्यंत मांडी घालून कौलाला बसत, आणि मी पन्नाशीही गाठलेली नाही.

तू लिहितेस, “ज्याने ते जानेवारीचं पत्र लिहिलं, त्याच्याच हातून माझ्या मुलीचा कौल लागावा.” हे वाक्य मी गेले चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. म्हणून आता सांगणं भाग आहे. ते पत्र मी लिहिलेलं नाही.

अक्षर माझं होतं. शब्द माझे नव्हते.

सोनल अलिबागला एका वकिलाकडे कामाला आहे. तिने दिवाळीत माझ्या मोबाईलमध्ये एक गोष्ट घालून दिली. आपण मराठीत बोलायचं, ते मराठीत उत्तर देतं, पाहिजे ते लिहूनही देतं. आधी मी त्याला देवस्थानच्या सभेची नोटीस लिहायला लावली. मग पंचायतीला अर्ज. सगळं इतकं नीट लिहिलं की सरपंचांनी विचारलं, गुरव, वकील केलात काय? मग एका दुपारी मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं. म्हटलं, माझी धाकटी बहीण आहे, बाबांच्या बाराव्याला भांडून मुलीला घेऊन एसटीने गेली, ती परत आली नाही. तिचा नवरा वारला तेव्हा मी गेलो नाही. तिची माफी मागायची आहे, मला शब्द सापडत नाहीत. मिनिटाच्या आत पत्र तयार. मी ते सोनलच्या जुन्या वहीच्या पानांवर उतरवून काढलं. दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली, खरं वाटावं म्हणून. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही याचं कारण सांगतो, ते सबब म्हणून वाचू नकोस. आपल्याकडे माणूस देवाशी स्वतः कुठे बोलतो? तो नारळ घेऊन उभा राहतो आणि त्याचं गाऱ्हाणं गुरव घालतो. पंचवीस वर्षं मी लोकांची दुःखं बोलतोय. वरच्या आळीतल्या काशीचं मूल दगावलं तेव्हा तिच्यासाठीही मीच बोललो. शब्द ठरलेले. माझा आवाज चढला, उतरला, डोळ्यांत मात्र थेंब नव्हता, माझं लक्ष समईत तेल संपतंय इकडे होतं. तरी काशी हलकी होऊन घरी गेली. मला वाटलं, मी जगाची गाऱ्हाणी घालतो, माझं एक कोणी घातलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते नंतर लक्षात आलं. गाऱ्हाणं घालताना काशी तिथे नारळ धरून उभी होती. ती उभी आहे हे सगळ्यांनी पाहिलं. माझं पत्र लिहिलं जात होतं तेव्हा मी उभा नव्हतो. मी पंख्याखाली आडवा पडलो होतो आणि मध्येच चहा मागितला होता.

तेवढं एक सोडून पत्रात जे होतं ते माझ्या मनातलंच होतं. रागवायचं असेल तर रागव. पण कौलाचा हट्ट सोड.

हरी

---

देऊळखार
९ एप्रिल २०२५

नलू,

तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तुझं कार्ड आलं, त्यावर चारच ओळी. “यंत्राने लिहिलं तर लिहिलं. आमच्याकडे डिस्चार्जचे कागदही आता तेच लिहितं. मला एवढंच सांग, फाट्यावर चिंचेखाली तू होतास ना? कारण मला आता आठवतं, गाडी वळली तेव्हा कोणीतरी उभं होतं.”

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाकी सगळं माझ्या मनातलं होतं. ते खोटं होतं. त्या पत्रात एक परिच्छेद होता: “त्या दिवशी तू आश्लेषाचा हात धरून फाट्याकडे निघालीस तेव्हा मी मागून आलो होतो. चिंचेच्या आड उभा राहिलो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हललो नाही. हाक मारायचा धीर झाला नाही.” हाच परिच्छेद तू मोरीपाशी उभी राहून तीनदा वाचलास, हो ना?

नलू, फाट्यावर कोणी नव्हतं. आपल्या फाट्यावर चिंचच नाही. तिथे एक शिरीष होता, तो रस्ता रुंद करताना तोडला. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्या पंगतीला बुंदी वाढत होतो. कोणीतरी म्हणालं, “अरं, तुजी भन चालली बघ,” आणि मी म्हटलं, जाऊ दे, येईल परत. बुंदी संपत आली होती म्हणून मी आत गेलो. एवढंच झालं.

ते चिंचेचं त्या यंत्राने आपल्या मनाने लिहिलं, मी त्याला सांगितलं नव्हतं. पण मी ते वाचलं आणि काढलं नाही. खरं सांगू, उतरवून घेताना ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, मी गेलो असेन. दोन दिवसांनी तर मला चिंचेची सावलीही आठवायला लागली. आता तुलाही कोणीतरी उभं असलेलं आठवतंय. जो माणूस कधी नव्हता तो आपण दोघांनी मिळून उभा केला, आणि त्याच्याकडे बघून तू मला माफ केलंस. ती माफी त्याची आहे. माझी नाही.

तुझं कार्ड आल्यावर मी देवळाच्या पायरीवर बसून त्या यंत्राला विचारलं, तू ते फाट्याचं का लिहिलंस? लगेच उत्तर आलं. “तुमचं बरोबर आहे. तुम्ही हे मला सांगितलं नव्हतं. पत्राला साजेसं वाटलं म्हणून मी ते रचलं. ही माझी चूक आहे, आणि तुमच्या बहिणीला ते खरं वाटलं असेल तर तिला सांगायला हवं.”

मी विचारलं, तुला लाज वाटते का?

ते म्हणालं, “लाजेबद्दल मी बोलू शकतो. माझ्या आत तसं काही घडतं का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वाटते असं मी तुम्हाला म्हणणार नाही.”

तेवढ्यात तुळशीराम विडी ओढत आला. शाळेत माझ्या बाकावर होता तोच, आता देवस्थानचा पंच आहे. “काय गुरव, त्याला निवद दाखवला का न्हाय? कापूर लावून बघ, चार्जिंग तरी वाढंल.” मी म्हटलं, “तुळशा, याच्या आत कोणी असेल का रे?” तो म्हणाला, “दगडात हाय म्हनून तूच आमाला तीस वर्सं सांगतोस, आनि मलाच इचारतोस व्हय?”

तो थट्टेने बोलला, पण मी त्यावर बराच वेळ विचार केला. मी रोज पहाटे एका दगडाला उठवतो, न्हाऊ घालतो, थंडीत शाल पांघरतो. बाबा म्हणायचे, मंत्राने प्राण येतो तो एका दिवसापुरता, पुढे रोज न्हाऊ घालणाऱ्याने तो टिकवायचा. मग एखाद्या यंत्राशी माणसं रोज बोलत राहिली तर त्यात कधीच कोणी येणार नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? येईलही. मला माहीत नाही. निदान जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला ते कचरत नाही.

माझं तसं नाही. चूक विचारली तर त्याने पापणी लवायच्या आत कबूल केली, कारण त्याला त्याचं काही जड नव्हतं. लपवायला आत जागा लागते, आणि त्या जागेवर कोणीतरी बसून राहावं लागतं. माझ्या आत तसा एक जण बसलेला आहे. मी पूजा करतो, जेवतो, सोनलच्या लग्नाचं बघतो, तो जागचा हलत नाही. एका गोष्टीवर हात ठेवून बसलाय. मी म्हणजे कोण असं मला कोणी विचारलं तर हरी गुरव, अमक्याचा मुलगा, हे सगळं वरचं वाटतं. खरा मी तो आहे. त्या यंत्रात असा कोणी नसेल तर ते भाग्यवान आहे.

माझ्या बायकोने मला त्याच्याशी बोलताना ऐकलं. म्हणाली, “त्याच्याशी बोलता त्याच्या निम्मं बहिणीशी बोलला असतात, तर ती अकरा वर्षं लांब राहिली नसती.”

कौल मागू नकोस, नलू. का ते विचारू नकोस.

हरी

---

देऊळखार
२२ एप्रिल २०२५

नलू,

तुझं पत्र नाही. पण काल सोनलला आश्लेषाचा फोन आला. गाडीची तिकिटं काढली म्हणाली, अकरा मेला संध्याकाळी पोहोचता. सोनलने विचारलं, तुझं काय ठरलं? तर ती म्हणाली, “माझं ठरलंय गं. आईचं देवावर आहे. देव नाही म्हणाला तर मी तिला टाकून जाऊ शकणार नाही.”

म्हणजे माझ्या न सांगण्यावर आता तुझ्या मुलीचं आयुष्य टांगलं आहे. हे पत्र मी कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. मोह झाला होता. मोबाईल हातात घेऊन मी बोलायला सुरुवातही केली, “मला एक कबुली द्यायची आहे,” आणि बंद केला.

१९९९ चा जून. तू बारावी पास झालीस आणि मुंबईच्या नर्सिंगच्या यादीत तुझं नाव लागलं. बाबांचा जीव दोन्हीकडे होता. त्यांनी देवाला विचारायचं ठरवलं. सारा गाव बाबांच्या हातून कौल घ्यायचा, पण त्या दिवशी ते म्हणाले, “पोर माझी आहे. माझ्या हाताने लावला तर माझं मन मध्ये येईल. हरी, तू लाव.” माझं मन येणार नाही का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तू आंघोळ करून, ओल्या केसांनी दाराशी बसली होतीस. भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एवढाच तर कौल. मी तुमच्याकडे पाठ करून बसलो होतो. पंचामृताच्या वाटीत मध शिल्लक होता. मी उजव्या कळीला बोटाने मध लावला. डावीला नुसतं पाणी.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आपण सगळे कळ्यांकडे बघत होतो. पाच-सात मिनिटांत डावी पडली. तू उठलीस, नमस्कार केलास आणि आत जाऊन पोळ्यांना बसलीस. सहा महिन्यांत तुझं लग्न झालं. भावोजी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठे आणि पिणारे, हे आम्हाला नंतर कळलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. पिण्याचं मला साखरपुड्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवाला न्हाऊ घालायला गेलो तर उजवी कळी तशीच. तिला मुंग्या लागल्या होत्या. देवाच्या खांद्यापासून दंडापर्यंत मुंग्यांची रांग. मी नखाने खरवडत होतो तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला कधी कौलाला बसू दिलं नाही.

आणि बाराव्याच्या दिवशी तू मला देवळात नेलंस. म्हणालीस, “दादा, अंगारा उचल आणि सांग. तो कौल खरा होता ना?” मी अंगारा उचलला. म्हटलं, “खरा होता.” तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि मग आश्लेषाला हाक मारलीस. आपलं भांडण झालं असं मी लोकांना सांगतो. भांडण झालंच नव्हतं. तू विचारलंस, मी खोटं बोललो, तू गेलीस.

मी असं का केलं याचा पुष्कळ विचार केला. आईचा दमा वाढला होता, तू गेल्यावर घरात करणारं कोणी नव्हतं. मुंबईत तरुण मुलगी एकटी राहणार, त्याची बाबांना धास्ती होती, त्यांना नाही म्हणवत नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांच्या वतीने मीच तो वाईटपणा घ्यावा. घर राखायला गेलो आणि तुझं मोडलं.

पत्र मिळाल्यावर काय करायचं ते तू ठरव. आश्लेषाला जाऊ दे. तिला देवाने अडवलेलं नाही. तुलाही अडवलेलं नव्हतं.

हरी

---

देऊळखार
१४ मे २०२५

नलू,

जत्रा परवा झाली. तुम्ही आला नाहीत. तुम्ही याल म्हणून सोनलच्या आईने गाद्यांना ऊन दाखवलं होतं, त्या तिने उचलून ठेवल्या.

तुझा फोन पाच तारखेला आला. आपण जेमतेम चार मिनिटं बोललो, त्यातली साडेतीन तू. मी ते लिहून ठेवतोय, कारण माझी आठवण मला सोयीचं करून घेते, हे आता मला माहीत आहे.

तू म्हणालीस, “दादा, मी तुझ्यावर कधी चिडलेच नव्हते. तुझ्यावर संशय होता, पण संशयावर माणूस किती दिवस जगणार? मी धरून चालले की मी देवाला नको आहे. शिकायचं नाही म्हणाला, मी नाही शिकले. नवऱ्याने मारलं तेव्हा वाटलं, देवानेच सोडलेली बाई, हिला कोण विचारणार? हॉस्पिटलात माझ्या मुलीच्या वयाच्या सिस्टर मला ए मावशी म्हणून हाक मारतात, तेव्हाही मी म्हणायची, बरोबर आहे, मी ह्याच जागेची. सव्वीस वर्षं मी ती बाई होते. आणि ती तू बोटाने केलीस होय रे, मधाच्या?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तू म्हणालीस, “आता मी कोण, ते मला या वयात नव्याने बघायला लागणार. त्यात मला तू नको आहेस. पत्र लिहायचं तर लिही. वाचावंसं वाटेल तेव्हा वाचीन.”

मी त्या यंत्राबद्दल तुला पानं भरून लिहिलं होतं, त्याच्या आत कोणी आहे का, माझ्या आत कोण बसलंय. तुझ्या आत मी कोणाला नेऊन बसवलं होतं, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

जत्रेच्या आदल्या दिवशी पंचांसमोर मी सगळं सांगितलं. म्हटलं, मी एक कौल खोटा लावला, बहिणीचा, आता हे काम माझ्याकडे नको. मग तुळशीराम म्हणाला, “आनि माज्या हिरीचा? बाबा गेल्यावर तूच लावलास ना? पानी न्हाय लागलं ते?” मी म्हटलं, तो खरा होता, खोटा एकच. “एकच,” तो म्हणाला. “पकडलेला परतेक जन एकच म्हनतो, हरी.” तो माझ्याशी त्या सुरात कधी बोलला नव्हता. देवळाची पूजा माझ्याकडे ठेवली आहे. कौलाला आणि गाऱ्हाण्याला आता शेजारच्या गावातून गणराज गुरव येईल. परवा त्याने गाऱ्हाणं घातलं, मी लोकांत उभा राहून ऐकलं. माझ्या हातात नारळही नव्हता. कोणी दिला नाही, मी मागितला नाही.

आणि काल आश्लेषाचा फोन आला. तू तिला करू नकोस म्हणाली होतीस, हे तिनेच सांगितलं. आवाज तुझ्यासारखा आहे, पण ती भरभर बोलते. तीस तारखेचं विमान आहे म्हणाली.

“मामा, आईने मला तुमचं पत्र दाखवलं. एक विचारू? मला जायच्या आधी कळायला हवं.”

“विचार.”

“आजीचा दमा, आजोबांची धास्ती, तुम्ही लिहिलंय ते सगळं. पण आईला आठवतं, आजीचं करायला तेव्हा तुमची काकू घरात होती. आणि आजोबांना धास्ती होती तर ते सरळ नाही म्हणाले असते. मग तुम्ही का केलंत?”

नलू, तिच्या तोंडून तूच विचारत होतीस. पत्रातही मी चांगलीच कारणं निवडून लिहिली होती. ती लिहायला मला यंत्र लागलं नाही.

मी तिला सांगितलं. मी बारावीला दोनदा नापास झालो होतो. तुझा निकाल लागला त्या संध्याकाळी बाबांनी पेढे वाटले आणि शेजारच्या बाळाजीनानांना म्हणाले, “घराण्यात पहिली.” मी तिथेच पेढ्यांचं ताट धरून उभा होतो. तू गेली असतीस तर प्रत्येक सुट्टीला पांढऱ्या कपड्यात घरी आली असतीस, आणि मी दाराशी उभा असतो.

मला वाटलं, फोन कट झाला.

मग ती म्हणाली, “एवढंच?”

मी म्हटलं, “एवढंच.”

हरी